कठीण शब्द आणि वाचनसुख : एका ताटातुटीचा इतिहास

मराठी वाङ्मयाचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहेत. परंतु ते बहुशः ग्रंथकारांचे आणि ग्रंथांचे इतिहास आहेत. ते ग्रंथ कोणी वाचले, कोठे बसून ऐकले, आणि त्यांपासून वाचकांस वा श्रोत्यांस कोणत्या प्रकारचे सुख लाभले, ह्या प्रश्नाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. ह्याचे कारण उघड आहे. ग्रंथरचनेची तिथी सापडते, पोथी नकलून घेणाऱ्याचे नाव सापडते, कधी कधी त्या नकलेस काय मोल पडले तेही सापडते. परंतु अमुक ओवीस श्रोत्यांच्या माना डोलल्या, अशी नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. सुख हे साधनग्रंथांत न उतरणारे द्रव्य आहे.

तथापि ह्या बाबतीत एक लहानसा साक्षीदार उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे अपरिचित शब्द. ओळखीच्या शब्दावरून वाचक सहज पुढे जातो. अनोळखी शब्दापाशी तो थांबतो. ह्या थांबण्याचे एखादा समाज काय करतो, त्यात रंगतो, त्याचा अर्थ पाठ करतो, त्याची परीक्षा घेतो की तो शब्दच हद्दपार करतो, ह्याच्या खुणा मात्र लेखी राहतात. प्रस्तुत निबंधात ह्या खुणांचा थोडा माग काढावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, शब्दाचे सुख आणि कथेचे सुख ही दोन्ही अव्वल इंग्रजीच्या आधी मराठी श्रोत्यांस एकाच आसनावर बसून मिळत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची ताटातूट झाली. शब्द शाळेच्या वाट्यास गेला आणि कथा कादंबरीच्या. ह्या ताटातुटीमुळे आपल्या जुन्या कवितेविषयीचे, विशेषतः पंडिती कवितेविषयीचे, आपले मत एकांगी झाले आहे.

प्रथम ती दोन्ही सुखे एकत्र कोठे नांदत होती, ते पाहू. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायाच्या आरंभी शब्दाच्या रसासाठी इंद्रियांत भांडण लागल्याचे जे चित्र काढले आहे, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. जो शब्द कानासाठी निघाला त्यावर जीभ, डोळे, नाक सगळीच हक्क सांगू लागतात, ही कल्पना केवळ अलंकार म्हणून सोडून देण्याची आपल्याला सवय आहे. परंतु समोर बसलेल्या श्रोत्यांस उद्देशून ती केलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्यातील व्यवहार कळतो. मराठी कविता कित्येक शतके मुख्यतः ऐकली जात होती, आणि ऐकणाऱ्यापुढे ती एकटी येत नसे. पुराणिक किंवा हरिदास तिच्यासमवेत येई.

नारदीय कीर्तनाची रीत पाहावी. उत्तररंगात आख्यान लागले म्हणजे हरिदास आर्या किंवा श्लोक प्रथम म्हणून दाखवी. श्रोत्यांस चाल कळे, नाद कळे, कथेचा धागा माहीत असल्यामुळे प्रसंगही कळे. पण मधला एखादा समास किंवा आडवळणाचा शब्द निसटून जाई. मग हरिदास पदे तोडून अर्थ सांगे, त्या शब्दावर एखादा दृष्टान्त देई, आणि तीच आर्या पुन्हा म्हणे. ह्या दुसऱ्या खेपेस श्रोता तो शब्द ओळखून ऐकत असे. माझ्या मते पंडिती कवितेचे खरे सुख ह्या दोन श्रवणांच्या मधल्या जागेत होते. पहिल्या खेपेस शब्द अडला नाही तर दुसऱ्या खेपेस तो उलगडण्यात काय गोडी? कठीण शब्द हा तेथे दोष नव्हता. हरिदासाला काही करून दाखवण्यासाठी कवीने मुद्दाम सोडलेली ती जागा होती.

मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) रचनेकडे ह्या दृष्टीने पाहिले असता पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. त्यांनी अष्टोत्तरशत रामायणे रचिली अशी प्रसिद्धी आहे, आणि त्यांतील अनेकांत काही ना काही शब्दबंधन स्वतःवर घालून घेतले आहे. निरोष्ठ रामायणात ओठांस ओठ लावणारा वर्ण येऊ द्यावयाचा नाही. म्हणजे पवर्ग वर्ज्य. आणि पवर्ग वर्ज्य म्हटला की राम, लक्ष्मण आणि भरत ही तिन्ही नावे एकदम बाद झाली! सीतेला आणि दशरथाला तेवढी मुभा. रामाचे नाव न घेता रामायण सांगावयाचे म्हणजे पर्यायशब्दांचे केवढे भांडार हाताशी असले पाहिजे, ह्याची कल्पना करावी. आधुनिक टीकाकार ह्यास शाब्दिक कसरत म्हणतात. कसरत तर ती आहेच. पण कसरत पाहावयास लोक जमतात, आणि ते काही शिक्षा म्हणून जमत नाहीत. ऐकणाऱ्यास नियम आधी सांगितला की तो प्रत्येक चरणात कवी आता कोठे अडकेल म्हणून कान टवकारून बसतो, आणि कवी सुटला की त्यालाही सुटल्यासारखे वाटते.

हे सुख केवळ शास्त्रीपंडितांचे होते असेही मानण्याचे कारण नाही. मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या तोंडी जाण्याचे श्रेय परंपरेने सोलापूरच्या रामजोशी ह्यांस (१७६२–१८१२) दिले जाते, आणि रामजोशी हे मूळचे तमाशाच्या फडावरचे लावणीकार. ज्या माणसाने एकाच लावणीत संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा भाषांची सरमिसळ करून पेठेतील श्रोत्यांस खूष केले, त्यानेच पुढे कीर्तनात मोरोपंत गाजविला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. औरंगाबादच्या अमृतरायांचे कटाव ह्याच जातीचे. कटावात शब्दांचा जो लोंढा येतो त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ श्रोत्यास कळत असेल असे संभवत नाही. तो कळावा अशी अमृतरायांचीही अपेक्षा नसावी. कळण्याच्या आधी शब्द आवडू शकतो, ही गोष्ट त्या काळी कोणास सिद्ध करून दाखवावी लागत नव्हती.

ह्या श्रवणसंस्कृतीत कोशही कानासाठीच होता. पाठशाळेतील मुलगा अमरकोश पाठ करी तो अर्थ समजण्याच्या कितीतरी आधी. अमरकोशाची मांडणी विषयवार वर्गांची आहे. स्वर्गाचे शब्द एकत्र, पाताळाचे एकत्र, वनस्पतींचे एकत्र. शब्द तेथे आपल्या गोतावळ्यात भेटतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सुमारे १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेला राजव्यवहारकोश हाही ह्याच वळणाचा, पद्यबद्ध आणि दहा वर्गांचा आहे : राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग इत्यादी. राज्यकारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हा कोश ज्या संस्कृत शब्दांसाठी रचला त्यांपैकी बरेच व्यवहारात टिकले नाहीत. आणि ज्या यावनी शब्दांना निरोप द्यावयाचा होता त्यांच्यासाठीच आजचा इतिहासाचा अभ्यासक तो उघडतो. सतराव्या शतकात स्वयंपाकघरात, तोफखान्यात आणि दप्तरखान्यात कोणत्या वस्तूला काय म्हणत, हे सांगणारे असे साधन दुसरे थोडेच असेल. हद्दपारीची यादी हीच हजेरीची यादी ठरली.

१८१८ नंतर कोश कानाकडून डोळ्यांकडे आला. कंपनी सरकारास मराठी मुलखाचा कारभार चालवावयाचा होता, आणि त्यासाठी मराठी जाणणारे अधिकारी हवे होते. १८२९ साली महाराष्ट्र भाषेचा कोश प्रसिद्ध झाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले ह्या पंडितांनी तो सिद्ध केला. दोन वर्षांनी, १८३१ साली, कँडी बंधूंच्या साहाय्याने जेम्स टॉमस मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. तो सुधारून व वाढवून १८५७ साली दुसऱ्यांदा छापला गेला तेव्हा त्यात सुमारे साठ हजार शब्द होते. लोकांनी ह्या साहेबाचे नाव मोलेसरशास्त्री असे करून टाकले. मराठी माणसाने कोणा इंग्रजाला शास्त्री म्हणावे, ह्यात कौतुक आहे आणि थोडी थट्टाही आहे.

मोल्सवर्थच्या कोशाचा हेतू सरकारी होता. त्यातील आनंद हा कोणी योजलेला नव्हता. पण हेतूपेक्षा पद्धती महत्त्वाची ठरली. ग्रंथांतले शब्द टिपून न थांबता बोलण्यातले शब्द गोळा करावयाचे, असे ठरल्यावर त्या जाळ्यात काय काय येते, ते पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याचे, कोळ्याचे, सोनाराचे शब्द आले, घरातल्या बायकांचे आले, मुलांच्या खेळांतले आले, शिव्या आल्या, म्हणी आल्या, आणि मराठीत ज्यांची गणतीच करवत नाही असे ध्वन्यनुकारी शब्द आले. एखादी वस्तू जमिनीवर पडली तर ती धप्प पडली, थप्प पडली, खण्ण पडली की पचकन पडली, ह्यावरून ती वस्तू कशाची होती ते आपण न पाहता सांगतो. हा भेद इंग्रजीत उतरविताना कोशकाराची जी दमछाक होते, तिच्यातून त्याची व्याख्या लांबते, विशेषणांवर विशेषणे चढतात, आणि शेवटी ती व्याख्या हीच एक वाचनीय वस्तू होऊन बसते. ज्या शास्त्रीमंडळींनी आयुष्यभर संस्कृत शब्दच शब्द मानला, त्यांच्याच साहाय्याने हा रांगडा शब्दसंग्रह कागदावर आला, ही त्या काळातील एक विलक्षण घटना म्हटली पाहिजे.

त्यात वर्णानुक्रमाची भर पडली. अमरकोशातला शब्द नातलगांत बसलेला असतो. वर्णानुक्रमात तो परक्यांत येऊन पडतो. खलबत हा शब्द मूळ अरबी. एकांत हा त्याचा अर्थ, त्यावरून एकांतात केलेला विचार, आणि त्यावरून गुप्त मसलत. ज्या दालनात ती चाले तो खलबतखाना. आणि त्याच्या अगदी लगत, केवळ अक्षरांच्या योगायोगाने, स्वयंपाकघरातला खलबत्ता! राजकारण आणि मसाला एका पानावर. एक शब्द पाहावयास गेलेला माणूस ह्या शेजाऱ्यांत रेंगाळतो, आणि अर्ध्या तासाने त्याला आपण मूळ कोणत्या शब्दासाठी आलो होतो त्याची आठवण राहत नाही. अमरकोशाने हे सुख कधी दिले नव्हते. ते देण्याची मोल्सवर्थचीही इच्छा नव्हती. परंतु हरिदास मागे पडत चालला असता अनोळखी शब्दाशी एकट्याने गाठ घालून देणारी जागा मराठी वाचकास मिळाली ती ही.

ह्याच काळात शाळेत काय चालले होते? वर ज्या पंडितांची नावे आली त्यांतील परशुरामपंत तात्या गोडबोले (१७९९–१८७४) ह्यांनी १८५४ साली नवनीत हा मराठी कवितेच्या वेच्यांचा संग्रह सिद्ध केला. एकाच हाताने कोशास शब्द पुरवावेत आणि त्याच हाताने कवितांची निवड करावी, हा योग ह्या इतिहासात मध्यवर्ती आहे. नवनीताचे उपकार कोणीही नाकारणार नाही. पोथ्यांत विखुरलेली कविता त्याने छापील पुस्तकात आणली, आणि कित्येक पिढ्यांस प्राचीन कवींची पहिली ओळख करून दिली. परंतु वेचा म्हटला की आख्यान तुटले. आख्यान तुटले की पुढे काय होणार ही उत्सुकता गेली. आणि हरिदासाच्या जागी पंतोजी आला. कीर्तनात शब्द उलगडला की आर्या पुन्हा म्हटली जाई. वर्गात शब्दाचा अर्थ सांगितला की तो वहीत उतरवून घेतला जाई, आणि काम संपे. दुसरे श्रवण गेले. कठीण शब्द अशी एक वेगळी यादी धड्याच्या मागे लागू लागली, ती ह्या व्यवस्थेतून. शब्द तोच, पण पूर्वी तो कवीने ठेवलेली भेट होता, आता तो विद्यार्थ्याच्या वाटेतला धोंडा झाला.

शालेय पुस्तकांच्या भाषेवर मेजर टॉमस कँडी ह्यांची दीर्घकाळ देखरेख होती. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे मोठे श्रेय त्यांचे आहे, आणि ते सुख-इतिहासाच्या दृष्टीनेही पाहावयास हवे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम हे डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी असतात. कोठे थांबावे हे पूर्वी हरिदासाचा श्वास सांगत असे. कँडींच्या हाताखालून गेलेली मराठी स्वच्छ, नियमबद्ध आणि कशीही अडखळू न देणारी झाली. अडखळण्यातच ज्यांचे सुख होते त्यांची तिने निराशा केली असणार.

ही निराशा प्रथम मोठ्याने बोलून दाखविली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ ते १८८१ ह्या काळात निघालेल्या निबंधमालेच्या चौऱ्यांशी अंकांत भाषापद्धती, वाचन, विद्वत्त्व आणि कवित्व असे विषय वारंवार येतात, आणि मोरोपंतांच्या कवितेवर तर त्यांनी विस्ताराने लिहिले. त्यांच्या आवडीत एक अंतर्विरोध आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. विद्वत्ता आणि कवित्व ह्या दोन भिन्न शक्ती आहेत असे मांडणारा हा लेखक, मराठी कवींतील बहुधा सर्वांत विद्वान कवीचा एवढा कैवार घेतो! इंग्रजी टीकेतून आलेले तत्त्व एकीकडे ओढत होते आणि लहानपणापासून कानी बसलेला नाद दुसरीकडे. त्यांनी वडिलांचे, म्हणजे कृष्णशास्त्र्यांचे, अपुरे राहिलेले रासेलसचे भाषांतर पुरे केले, मालेत डॉ. जॉन्सनचे चरित्र लिहिले. जॉन्सन हा १७५५ चा प्रख्यात इंग्रजी कोश एकहाती रचणारा. हा कोशकार विष्णुशास्त्र्यांस इतका जवळचा वाटावा ह्यात नवल नाही. शब्दावर असे उघड प्रेम करणारा माणूस त्यांस इंग्रजीत भेटला, तो त्यांनी आपलासा केला.

आता कथेचे काय झाले ते पाहू. बाबा पदमनजींचे यमुनापर्यटन १८५७ साली आणि हळब्यांची मुक्तामाला १८६१ साली प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्र्यांनी अरबी कथांचे जे भाषांतर केले त्याच्या नावातच सुरस आणि चमत्कारिक ही दोन विशेषणे घातली होती. वाचकास काय मिळणार ते मुखपृष्ठावरच कबूल. पुण्यात १८४८ पासून नेटिव्ह जनरल लायब्ररी होती. अशा संस्थांतून पुस्तक घरी नेऊन एकट्याने वाचण्याची सवय वाढत गेली. ह्या नव्या प्रकाराला नाव काय द्यावे, ह्याबद्दल काही काळ एकमत नव्हते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ साली त्यावर निबंध लिहिला तेव्हा नावल असाच शब्द वापरला. पुढे कादंबरी हे नाव स्थिर झाले.

ह्या नावाची निवड मोठी मौजेची आहे. बाणभट्टाची कादंबरी हा सातव्या शतकातील गद्यग्रंथ संस्कृतातील शब्दवैभवाचे शिखर होय. एकेक वाक्य पानभर चालते, समासांतून समास निघतात, आणि कथा बिचारी मागे उभी राहून वाट पाहत असते. शिवाय संस्कृतात कादंबरी म्हणजे मद्यही. बाणाच्या मागे ग्रंथ पुरा करणाऱ्या त्याच्या पुत्राने ह्या श्लेषाचा उपयोग करून आपल्या वाचकांच्या धुंदीचा उल्लेख केलेला आहे. मराठीने आपल्या सर्वांत वेगवान, सर्वांत कथाप्रधान अशा नव्या वाङ्मयप्रकाराला जगातील एका अत्यंत संथ आणि शब्दप्रधान ग्रंथाचे नाव दिले. नावातला मद्याचा अर्थ तेवढा नीतिवादी टीकाकारांच्या कामी आला. कादंबऱ्या वाचून तरुण बिघडतात, ही तक्रार पुढे कितीतरी वर्षे चालू होती, आणि तिला उत्तर म्हणून कादंबरीकार मनोरंजनाबरोबर बोध देण्याची हमी प्रस्तावनेत देत राहिले.

हरि नारायण आपटे ह्यांनी १८९० साली जे साप्ताहिक काढले त्याचे नाव मात्र करमणूक. एवढा स्पष्टपणा त्यापूर्वी दिसत नाही. आपट्यांची गद्यशैली वाचकास अडवत नाही. पण लक्षात कोण घेतो असे विचारणाऱ्या त्यांच्या यमूच्या आत्मकथनात माजघरातले कितीतरी शब्द प्रथमच ग्रंथात आले, हेही खरे. म्हणजे ताटातूट संपूर्ण नव्हती. स्वयंपाकघर, ओटी, सोवळेओवळे ह्यांच्या आसपास रुळलेली जी बोली मोल्सवर्थने कोशात टाचून ठेवली होती, ती कादंबरीत चालू-बोलू लागली. पुढे लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांत (१९३४ ते १९३७) तिचे पूर्ण तेज दिसले. मात्र ह्या ठिकाणी वाचक शब्दाच्या अनोळखीपणावर लुब्ध होत नाही. उलट तो त्याच्या फार ओळखीचा असतो, आणि छापील पानावर तो भेटल्याचाच त्याला अचंबा वाटतो. दोन्ही सुखे शब्दाचीच, जात वेगळी.

अनोळखी शब्दाला दुसरे आश्रयस्थान मिळाले ते इतिहाससंशोधनात, आणि ह्याची दखल वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेशी घेतलेली नाही. वि. का. राजवाडे ह्यांचा मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे असे बावीस खंड झाले. ही मोडी पत्रे राजकीय घडामोडींसाठी छापली गेली, परंतु त्यांनी मराठी वाचकापुढे एक विसरलेली भाषाच उघडी केली. गर्दी म्हणजे आपल्याला माणसांची दाटी. त्या कागदांत गर्दी म्हणजे दंगल, धूळधाण. १७६१ च्या पानिपतावरून भाऊगर्दी हा शब्द निघाला त्यात दाटीपेक्षा धूळच जास्त आहे. शिकस्त म्हणजे मुळात मोडणे, पराभव. मराठीने त्यास प्रयत्नांपुढे ठेवून मोडून पडेपर्यंतचा प्रयत्न असा अर्थ दिला. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद, संमतिपत्र. आपल्याकडे तो नाराजीने देतात. इरसाल म्हणजे सरकारी खजिन्याकडे केलेली रवानगी. तेथे नाणे चोख लागे, म्हणून इरसाल म्हणजे अस्सल, निवडक. आणि मग मराठी माणसाच्या जिभेवर तो अस्सल लबाडाला जाऊन चिकटला. एका शब्दात महसूलखाते आणि विनोद असे दोन्ही.

राजवाड्यांना ह्या शब्दांचा नुसता छंद नव्हता, वेड होते. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली व तिच्या भाषेचे व्याकरण मांडले. धातूंचा आणि नामांचा त्यांचा संग्रह कृ. पां. कुलकर्णी ह्यांनी त्यांच्या पश्चात १९३७ व १९४२ साली संपादून प्रसिद्ध केला. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज कोणी मान्य करणार नाही. परंतु वाचावयास बसले तर त्या सोडवत नाहीत, आणि अमान्य व्युत्पत्तीनेही शब्दाकडे दुसऱ्यांदा पाहावयास लावले, हे त्यांचे काम हरिदासाच्या कामापेक्षा फार निराळे नव्हते.

माधव ज्यूलियन ह्यांच्या ठायी हा सगळा इतिहास एका व्यक्तीत एकवटलेला दिसतो. फारसीचे अध्यापक असलेल्या ह्या कवीने १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, गझल मराठीत आणली, आणि आपल्या कवितेत फारसी शब्द रत्नांसारखे जडविले. त्याच कवीने १९३८ साली भाषाशुद्धि-विवेक लिहून त्या शब्दांच्या बहिष्काराची बाजू घेतली. ह्यावर मतपरिवर्तनाचा आरोप पुष्कळ झाला. मला त्यात राजव्यवहारकोशाचाच प्रकार दिसतो. शब्द हुडकून काढणारा आणि शब्द घालवून देणारा, दोघांसही प्रत्येक शब्दाचे कूळ ठाऊक असावे लागते. फारसी शब्दाचा गंध ज्याच्या नाकात बसला नाही, तो मराठी वाक्यातून तो वेचून कसा काढणार? सामान्य मराठी बोलणाऱ्यास अब्रू हा शब्द परका आहे ह्याची जाणीवही नसते. चेहऱ्याचे पाणी हा त्याचा मूळ अर्थ माधवरावांना मात्र तो उच्चारताच दिसत असला पाहिजे.

विद्यापीठीय शिक्षणाने ह्या बाबतीत काय केले, त्याचा येथे थोडक्यात निर्देश पुरे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. काही वर्षांतच उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली, आणि न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या दीर्घ खटपटीनंतर तिला तेथे पुन्हा स्थान मिळाले. परत आली ती भाषा परीक्षेच्या अटीवर आली. मोरोपंतांवरील प्रश्न यमक, श्लेष आणि कठीण शब्दांचे अर्थ ह्यांभोवती फिरू लागले. ज्यांनी ती आर्या दोनदा म्हटली गेलेली कधी ऐकली नाही त्यांनी ती क्लिष्ट म्हणून बाजूस ठेवली. पंडित कवी रसिकतेत उणे पडले असा जो निर्णय आपल्या टीकाग्रंथांतून पुनःपुन्हा आढळतो, तो मला पुराव्यावाचून दिलेला वाटतो. ज्या स्थितीत ती कविता ऐकावयाची त्या स्थितीत तिची पारख झालेलीच नाही. तबल्याचे बोल कागदावर वाचून तबलजी नीरस ठरवावा, तसे हे आहे.

१९३२ ते १९३८ ह्या काळात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे ह्यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग निघाले. पुरवणी विभाग १९५० साली आला. ह्या कोशाने मोल्सवर्थ पुढे नेला, आणि त्यात एक गोष्ट अशी केली की जिच्यामुळे शब्द आणि ग्रंथ ह्यांची पुन्हा गाठ पडली. शब्दाच्या अर्थाखाली त्याने जुन्या वाङ्मयातील प्रयोग दिले, आणि प्रयोगापुढे ज्ञा, एभा, तुगा, दा अशी आखूड खूण टाकली. ज्ञा म्हणजे ज्ञानेश्वरी, एभा म्हणजे एकनाथी भागवत. ह्या दोन-तीन अक्षरांच्या खुणा म्हणजे कोशाच्या भिंतीला पाडलेल्या खिडक्या आहेत. एखादा शब्द आवडला, खुणेवरून मूळ ओवी काढली, ओवीसाठी मागचा प्रसंग वाचला, आणि पाहता पाहता अध्याय संपला, असे ज्याच्या बाबतीत घडले नाही असा ह्या कोशाचा नियमित वाचक विरळा. आख्यानापासून तुटलेला शब्द ह्या वाटेने आख्यानात परत जातो.

मोल्सवर्थचा कोश १९७५ साली पुण्यात पुनर्मुद्रित झाला. कारभारासाठी मराठी शिकणारा इंग्रज अधिकारी तोपर्यंत इतिहासजमा झालेला होता. ती आवृत्ती निघाली ती मराठी वाचकासाठी. आता हे दोन्ही कोश संगणकावर पाहता येतात, आणि शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात मोल्सवर्थमधील हवा तो शब्द क्षणात समोर येतो. अभ्यासकाचा वेळ ह्यामुळे किती वाचला, ते सांगावयास नको. मात्र ह्या रीतीने खलबत मागितला असता खलबतच मिळतो. खलबत्ता मिळण्यासाठी तो वेगळा मागावा लागतो, आणि तो मागण्याचे त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही.